मॅडमना नर हवा होता

आमच्या मॅडमचा आवाज जितका मोठा, तितका त्यांचा विषय बारीक. तांदळाच्या कणीएवढा किडा बोटाच्या पेरावर घेऊन त्या असं काही बोलत, की रस्त्यापलीकडचा रिक्षावाला मान वळवून बघे. वसईच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी अर्थशास्त्र; फ्लॅट दोघींनी मिळून भाड्याने घेतलेला. पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर त्यांचा भारी जीव, म्हणून सगळे त्यांना ‘तुडतुडे मॅडम’ म्हणत. नव्या शिपायाला ते आडनावच वाटलं. "कुठले तुडतुडे तुम्ही?" त्याने अदबीने विचारलं. मॅडम तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "बांबूवरचे."

तो बांबू कामण गावाच्या अलीकडे, ओळखीच्या नानांच्या शेताच्या बांधावर होता. कळकाचं जुनं बेट. कळक म्हणजे आपला इथलाच काटेरी बांबू. त्यावर मॅडमना एक पिवळसर तुडतुडा सापडला होता आणि तो नेमका कोणत्या जातीचा, हे काही केल्या ठरेना. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. जात ओळखायची तर नराच्या पोटाच्या टोकाचा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आणि मॅडमच्या वाट्याला नुसत्या माद्या! दर रविवारी मी उलटी छत्री धरून उभी राहायची आणि मॅडम काठीने फांद्या झोडपायच्या. छत्रीत पडलेला ऐवज भिंगातून बघून त्या ओरडत, "परत बायकाच! अगं, मला नर हवाय! जास्त नको, एकच!"

नानांची बायको, म्हणजे आमच्या काकी, भाजीचे वाफे शिंपता शिंपता हे ऐकत असत.

एका रविवारी नानांनी सांगितलं, "बाई, दिवाली झाली की बेट तोडनार. गोडाऊन बांधायचंय."

मॅडमचा चेहरा पडला. "नाना, मला नर मिळेपर्यंत तरी थांबा हो."

"तुमच्या नराचा नि माझ्या गोडाऊनचा काय संबंध?"

वाफ्यातून काकी कडाडल्या, "पोरीचं जमू दे आधी! मंग तोडा काय तोडायचं ते."

मॅडमनी जाऊन त्यांचे ओले हात धरले. "काकी, तुम्हालाच कळलं बघा." काकींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. नानांनी तोडणी पुढे ढकलली.

पुढच्या रविवारी बांधावर काकींचा भाचा हजर. वालीवला त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"हा माझा भाचा. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही," काकी म्हणाल्या.

"वा! मग छत्री धरा," मॅडम म्हणाल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण काकींनी माझा दंड धरून मला लांब ओढलं. "दोघांना बोलू दे जरा."

मॅडमनी फांदी झोडपली. किडे छत्रीत पडले, एक उडून भाच्याच्या खिशावर बसला. मॅडमनी भिंग लावलं, नाक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर नेलं आणि गर्जना केली, "नर! हलू नका! किती वाट बघायला लावलीत!" भाच्याने डोळे गच्च मिटले. मॅडमनी नळी तोंडात धरून किडा बाटलीत ओढून घेतला. काकी म्हणाल्या, "देव पावला."

कॉलेजात प्राचार्य नव्या जातीच्या आशेने शाल आणून बसले होते. मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर आल्या त्या नाचतच. "नवा नाही, सर! कधीचा कुणीतरी नोंदवून ठेवलेला आहे." प्राचार्यांनी शाल कपाटात ठेवली. मॅडमनी मात्र जिलेबी वाटली. त्या तुडतुड्याला नाव होतं, आणि ते आता त्यांना ठाऊक होतं.

उरलेली जिलेबी घेऊन आम्ही काकींकडे गेलो. काकी आनंदल्या. "मंग साखरपुडा कदी?"

उलगडा झाल्यावर मॅडम हसून हसून बांधावरच बसल्या. भाचाही हसला आणि त्याच दमात त्याने विरारच्या एका मुलीचं नाव सांगून टाकलं. इतके दिवस मावशीला सांगायची त्याची छाती नव्हती. काकी तेवढ्या हसल्या नाहीत. "एका किड्यासाठी भांडले मी नवऱ्याशी?" म्हणाल्या आणि घरात गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप ठेवून परत आत गेल्या.

पुढे मॅडमना बंगळूरला नोकरी मिळाली. इकडे बेट गेलं, गोडाऊन उभं राहिलं. गेल्या वर्षी त्या आल्या तेव्हा त्यांना तिथे नेण्याचा मला धीर होत नव्हता, पण त्या निघाल्याच. काकींनी त्यांचा हात धरला आणि घरामागे नेलं. तिथे कळकाचे चार कोवळे कोंब वर आले होते.

"घराशी काटे लावतं का कोनी?" नाना ओट्यावरून कुरकुरले.

"पोर माहेरी येनार," काकी म्हणाल्या, "तिला दाखवायला कायतरी नको?"