मिस्त्रींची कंबर

मिस्त्रींना पळताना मी कधी पाहिलं नाही. आमचा धंदाच पळण्याचा असल्यामुळे हे आधी सांगतो. मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती. एक गाडी, आलटून पालटून बसणारे तीन ड्रायव्हर, आणि सहा तास, आठ तास, फ्रान्सात तर सलग चोवीस तास पळायचं. मध्ये मध्ये गाडी आत येते. आधी तेल भरतात, मग चाकं. चाकांसाठी चार माणसं जमिनीवरची रेष ओलांडून पुढं जातात. पाचवा गेला तर दंड. तिघं पळत जायचे, मिस्त्री चालत जायचे, आणि तरी मागचं डावं चाक, म्हणजे त्यांचं, सगळ्यांच्या आधी बाहेर आलेलं असायचं. पाचवा, म्हणजे राखीव, मी होतो. हवा मोजायचं मीटर हातात धरून रेषेच्या अलीकडून हे बघत राहायचं, एवढंच माझं काम.

मला तिथं त्यांनीच नेलं. मी देगलूरचा, नववीत शाळा सोडून पंक्चरच्या दुकानात बसलेला. मिस्त्री देवणीचे. सुट्टीवर आले असताना आमच्या दुकानासमोर त्यांच्या जीपचं चाक बसलं. मी ते खोललं, जोडलं, आणि ते माझ्या हातांकडं बघत राहिले. जाताना म्हणाले, "पासपोर्ट हाय का?" मी म्हटलं, न्हाई. "काढ मग." वर्षभरात मी दुबईतल्या वर्कशॉपात त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपत होतो. घरी पत्र्याच्या जागी स्लॅब आला, बहिणीचं कॉलेज झालं, ते सगळं त्या दोन शब्दांमुळं. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर हेवा करणं सोपं गेलं असतं.

कारण हेवा मी रोज करत होतो. मी घाबरट माणूस. रात्री दोनदा उठून पासपोर्ट जागेवर आहे का बघणारा. मिस्त्री आडवे झाले की घोरायला लागायचे. शर्यतीच्या दिवशी माझा डबा न उघडताच परत जायचा. ते चपाती-ठेचा खाऊन बोटं चाटायचे. ड्रायव्हर गाडीत बसण्याआधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जायचा. माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला तो फक्त बाजूला सारायला.

सरावात मी धडपडलो की ते म्हणायचे, "कशाला पळून राहिलास? तू पुढं आलास अन् हात मागं ऱ्हायले." सगळे हसायचे. मीही हसायचो. मनात म्हणायचो, एकदा तुमचे हात मागं राहू देत, मिस्त्री.

कतारला सुरू झालेलं ते वर्ष इटली, बेल्जियम, फ्रान्स, ब्राझील, अमेरिका, जपान करत बहरीनला आलं. शेवटची शर्यत. तिथं कळलं की पुढच्या वर्षी राखीव माणूस ठेवणार नाहीत. चौघंच राहणार, पाचव्याचं तिकीट हैदराबादचं, म्हणजे घरचं. पाचवा कोण हे कुणी विचारायची गरज नव्हती. त्या दिवसापासून मी मिस्त्रींची चूक शोधायला लागलो.

ती शर्यतीच्या दुपारीच झाली. गाडी आत आली, तेल झालं, चौघं पुढं गेले. मिस्त्रींनी जुनं चाक काढलं, हवेवर चालणारा पाना खाली ठेवला, नवं चाक घेऊन वळले, चाक बसवलं, आणि त्यांचा बूट पान्यावर पडला. ते वाकले. पान्याला बोटं लावली, बोटं कपाळाला न्यायला गेले ती हेल्मेटला लागली. मग पाना उचलून नट आवळला. सगळं मिळून एक श्वासभर. पण तेवढ्यात मागची गाडी आमच्या नाकासमोरून पुढं निघून गेली, आणि ती शेवटपर्यंत पुढंच राहिली.

शर्यत संपल्यावर चीफनं, म्हणजे आमच्या मुख्य मेकॅनिकनं, ते चित्रण पुन्हा पुन्हा लावलं. मिस्त्रींचं इंग्रजी येस-नो-थँक्यूपुरतं, म्हणून मला बोलावलं. चीफ रागात नव्हता, काळजीत होता. विचारलं, हा वाकला का? चक्कर आली का?

मला माहीत होतं. आमच्याकडं हत्याराला पाय लागला की नमस्कार करतात, एवढं एक वाक्य. ते इंग्रजीत कसं म्हणायचं हेही येत होतं. चीफ हसला असता, आणि प्रकरण तिथंच संपलं असतं.

मी म्हणालो, "बॅक पेन, सर. मे बी."

चीफनं मिस्त्रींकडं वळून स्वतःच्या कमरेवर हात दाबून दाखवला आणि भुवया उंचावल्या. मिस्त्रींनी त्या हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग सावकाश आपला हात कमरेवर ठेवला आणि म्हणाले, "येस."

खोलीवर गेल्यावर मी वाट बघत राहिलो. शिवी देतील, निदान विचारतील. ते म्हणाले, "चहा टाक." चहा पिताना म्हणाले, "डाव्या बाजूचा नट उलटा फिरतो बग. सुरुवातीला हात चुकंल तुजा." हैदराबादचं तिकीट आता त्यांचं होतं; विमानापर्यंत तीन दिवस होते. तिन्ही दिवस त्यांनी माझ्याकडून ते चाक खोलून-बसवून घेतलं. रागावले असते तर रागात तरी मी त्यांच्या बरोबरीला आलो असतो. तेही त्यांनी होऊ दिलं नाही.

यंदा सुट्टीत देवणीला गेलो. एक वाक्य हैदराबादपासून मनात जुळवत आणलं होतं. मिस्त्रींचं गॅरेज रस्त्यालाच आहे. ट्रॅक्टर उभा, भोवती चार शेतकरी. मला बघून ते उठले नाहीत, नुसते हसले. "ह्यो आमचा देगलूरकर. जपानात चाकं खोलतो." शेतकऱ्यांनी मला खुर्ची दिली. जपान कसं हाय, भात भेटतो का, पगार किती, सगळं विचारून झालं. मग फेटेवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् मिस्त्री, तुमी कामून सोडलं ते?"

"कंबर धरली, मामा," मिस्त्री म्हणाले. आणि खाली बसून ट्रॅक्टरचं पुढचं चाक दोन्ही हातांनी उचललं आणि एका दमात बोल्टांवर बसवलं.

"हाव, कंबरंचं दुखणं लई वाईट," म्हातारा म्हणाला.

मिस्त्रींनी न बघता माझ्याकडं हात पसरला. मी एकेक नट देत गेलो. सहा होते. सहाही नट बोटांनी फिरवून झाले तरी माझं वाक्य तोंडातच होतं. मिस्त्री उठले, पाना माझ्या हातात दिला आणि हात पुसत म्हणाले, "आवळ. तूच आवळ आता."