बागेश्रीतलं ‘माय वं!’

साक्षात ब्रह्मदेव फाटकाशी येऊन ‘हे जग मी निर्माण केलं’ म्हणाला, तरी आमचे मामेसासरे त्याला उन्हात उभा करून विचारतील, ‘पाहनारं कोन होतं?’ संशय घ्यावा तर या माणसानं. आपण बाकीचे नुसत्या शंका काढतो. दुकानदारानं भिवापुरी म्हणून पुढे केलेली मिरची मामा आधी चावून पाहतात, आणि डोळ्यांना धारा लागल्यावर म्हणतात, ‘असन. पन तिखट वरून बी लावते लोक.’ धंतोलीतल्या एका डॉक्टरानं ‘रक्तदाब अगदी नॉर्मल आहे’ म्हटलं, तेव्हा मामांनी ते यंत्र डॉक्टरच्याच दंडाला बांधायला लावलं. डॉक्टरचा जास्त निघाला. मामा त्याला धीर देऊन, मीठ कमी खायला सांगून घरी आले.

अशा माणसाच्या फोनात त्यांच्या भाचीनं, म्हणजे आमच्या हिनं, शास्त्रीय संगीताचं अ‍ॅप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच अ‍ॅपनं संध्याकाळचा यमन सुचवला. मामांनी फोन हातभर लांब धरला. ‘सकाळी यमन! याच्या घरी कोनी मोठं मानूस हाय का नाही?’ मग एका जुन्या गायिकेचा दरबारी सापडला. वर धुक्यातल्या तळ्याचं चित्र आणि खाली ‘गाढ झोपेसाठी’. मामा भडकले. ‘त्या बाईनं जलमभर रियाज काहून केला? लोकाले झोपवासाठी?’ फोन आपलं बोलणं ऐकतो असं कुणीसं सांगितल्यापासून तर आवडत्या रागाचं नाव काढायच्या आधी ते फोन पोह्यांच्या डब्यात घालून झाकण लावत. एकदा डब्यातूनच घंटी वाजली. आपल्यासमोर पोहे केकाटले म्हणून शेजारणीनं रामटेकच्या रामाला नारळ कबूल केला म्हणतात. मी म्हणतो, पोतंभर केले.

एवढा संशय असूनही मामा त्या अ‍ॅपला चिकटून होते, ते मामींसाठी. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नानंतरच्या दिवसांत दोघं इथेच नागपुरात एका बुवांच्या मैफलीला गेले होते. बुवांनी बागेश्रीत अशी तान घेतली की ती परत येईस्तोवर श्रोत्यांच्या दाढ्या वाढल्या असाव्यात. ती समेवर आली, सगळे ‘वा!’ म्हणाले आणि मामी ओरडल्या, ‘माय वं!’

‘रेकॉर्डिंगचा माइक आमच्या डोक्याशीच होता जी,’ मामा मला सांगत. ‘सारे हासले. मी बी हासलो. तिचा आवाज आता कुठं असन, तर तेवढाच.’

घरात मामींचे फोटो ढीगभर. आवाज एकही नाही.

बुवांची बागेश्री अ‍ॅपवर पुष्कळ होती. एकच गाणं वेगवेगळी मुखपृष्ठं पांघरून बसलेलं. गाव कुठेच नाही, नुसतं ‘लाइव्ह’. ‘लाइव्ह कुठं जी? चंद्रावर?’ प्रत्येक बागेश्री मामा बोट वर करून ऐकत. तान येई, सम येई, आणि नंतर धुतल्यासारखी शांतता. ‘आवाज साफ केला म्हनते. मानसंच साफ केले यायनं!’

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, कूलरसमोर बसून शोधता शोधता, मला कुणा रसिकानं घरच्या कॅसेटवरून चढवलेलं एक ध्वनिमुद्रण दिसलं. नाव भीमपलास, गाणं बागेश्री.

‘नाव काहून बदललं?’ मामांचे डोळे बारीक झाले. ‘लपवासाठीच!’

खरखर, खोकला, पानाचा डबा मिटल्याचा आवाज. मी कूलर बंद केला. तान निघाली, फिरली, समेवर आली.

‘माय वं!’

मी मामांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. ‘नाही, जवाई. तुमी निरे भोळे. असं तं कोनतीही बाई म्हनन.’

तेवढ्यात फोनातून, तिच्या अगदी शेजारून, एक तरुण पुरुषी आवाज आला. दबलेला, रागावलेला. ‘चूप वं! लोक पाहून राहिले!’

आवाज तरुण होता. पण मामांचा होता.

मामांचं वर धरलेलं बोट खाली आलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘जवाई, ते साफ करनारे लोक... तेवढं त्या मानसाले काढून देते काय जी?’

बुवा गात होते. पुढे ताना आणखी पुष्कळ होत्या, एकीहून एक सरस. आम्ही दोघं शेवटपर्यंत कान लावून बसलो. मामी पुन्हा बोलल्या नाहीत.