हॉलमधला लंबाडा

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ह्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. डावा पाय ओढत घरात चालायचे, पण जिना उतरायला कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि चारचौघांत बायकोचा हात धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. डॉक्टर सांगून थकले, चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मी रोज हात पुढे करायची, हे रोज पेपर उघडायचे. मला राग यायचा आणि रडूही यायचं. दोन्ही मी स्वयंपाकघरात उरकून घ्यायची.

लेक महापेला आयटीत आहे. शनिवारी वाशीला नाच शिकायला जायची आणि रविवारी नावड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला ढकलून सराव करायची. नाच जोडीचा, तोही इतका अंगाला अंग लावून की मोबाइलवरचा तो व्हिडिओ पाहून मी आधी पडदे ओढले.

"हे कसले चाळे?" ह्यांनी विचारलं.

"लंबाडा आहे, पप्पा. ब्राझीलचा." ती हलत हलतच सांगत होती. तिकडच्या लोकांच्या भाषेत लंबाडा म्हणजे फटका, चाबकाचा. चाबूक झटकला की त्याची लाट टोकापर्यंत जाते, तसं अंग हलवायचं. तिकडे उत्तरेला, मोठ्या नदीच्या मुखाशी, कोळी आणि शेतमजूर पोकळ ओंडक्याच्या ढोलावर नाचायचे. मग रेडिओवरून, बंदरांतून बेटांवरची गाणी आली, त्यात मिसळली, आणि लांबून नाचणारी जोडपी जवळ आली.

हे मोरा बंदरातले, कोळ्याच्या घरातले. बंदराचं नाव निघाल्यावर पेपर खाली आला. "ढोल कसला म्हनालीस?"

तिने ढोल ऐकवला. मग म्हणाली, "तुम्ही दोघं उभे राहा ना. पाय कसे पडतात ते मला लांबून बघू दे."

"त्यांना नाही जमायचं," मी म्हटलं. माझं बोलणं तिरकसच. पण ते लागलं, आणि हे खुर्चीचा हात धरून उठले.

लेकीने त्यांचा उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला, डावा माझ्या हातात दिला. गुडघे सैल, पाय एकमेकांच्या पायांच्या मधे. पहिल्याच झोक्याला माझा पाय त्यांच्या पायाला लागला. मी हात सोडून वाकले, त्यांच्या पायाला हात लावला, कपाळाला लावला. पुन्हा उभी राहिले. पुन्हा लागला. पुन्हा वाकले. लहानपणापासूनची सवय, नवऱ्याला पाय लागला की नमस्कार.

"आई, दर वेळी पाया पडत बसलीस तर गाणं संपून जाईल."

हे हसले. आजारपणापासून तोंड एका बाजूला थोडं उतरलंय, तसेच, वाकडे हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लागू दे पाय."

मग मी वाकले नाही. त्यांचा भार माझ्यावर येऊ लागला, आधी चोरून, मग खरोखरचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाउजेडी त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. आणि मला ते आवडलं, अगदी सांगायला लाज वाटावी इतकं.

"बरोबर," लेक म्हणाली. "ह्यात दोघंही एकमेकांचं वजन घेतात. कोण कुणाला सांभाळतंय ते बघणाऱ्याला कळत नाही."

ह्यांनी ते नीट ऐकलं.

पुढचे काही दिवस नेहमीसारखेच गेले. मग एका सकाळी मी मासळी आणायला निघाले, तर हे चपला घालून दारात उभे. जिन्यात त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, खाली उतरल्यावर सोडतील. गेट आलं, रस्ता आला, बाजारही आला. मासळीवालीसमोर त्यांच्या जुन्या कंपनीतला एक मित्र भेटला. त्याने आमच्या हातांकडे पाहिलं, आणि चांगल्या मनाने त्यांच्यासाठी सबबही पुढे केली.

"पाय लई दुखतो काय, दादा?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मी हात सोडवून घ्यायला लागले. ह्यांनी तो घट्ट धरला.

"नाय," हे म्हणाले. "पाय बरा हाय. बायकोबरोबर आलोय."