धुऊन आणलेली गाडी

तोच टेम्पो तिसऱ्यांदा वर्कशॉपसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा सक्सेनाजींनी चष्म्यावरून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "लीजिए, आपके जीजाजी."

टेम्पोत दाजींची एटीव्ही होती. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे एक सीट आणि त्यामागे सामानाचा कॅरियर. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून कुठूनही जाणारी गाडी. पण पक्क्या रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नसते, म्हणून बबीन्याहून झाशीपर्यंत ती टेम्पोत बसून यायची. आणि नेहमी चकचकीत धुतलेली. टायरच्या खाचांतसुद्धा माती नाही.

दाजी उतरले. "पाहुणे," ते म्हणाले, "दिवे फेल."

दाजी साताऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि बबीन्यातच, छावणीच्या गावी, राहिले. मेव्हण्याला पाहुणे म्हणायची तिकडची सवय त्यांनी सोडली नाही. त्यामुळे ओरछा गेटबाहेरच्या माझ्याच वर्कशॉपमध्ये मी पाहुणा असायचो. सक्सेनाजी माझे भागीदार. इंजिन आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे, वायरी माझ्याकडे. गाड्यांची वीज हा माझा धंदा. वडील रेल्वेत होते, त्यांनी डिप्लोमा करवला. उरलेल्या वेळात मी वाचत बसायचो. ते सक्सेनाजींनी सहन केलं.

दाजींची बायको म्हणजे माझी मोठी बहीण, अक्का. ती आता नाही. पण या हकिकतीत ती भरपूर आहे. तोंड पाडून सांगितलेलं काही तिला आवडायचं नाही, म्हणून मी जमेल तसं सरळ सांगतो.

दाजींनी बबीन्याच्या पुढे थोडी जमीन घेतली होती. पेरूची झाडं, दोन गाई, एक विहीर. अक्काचे गुडघे गेलेले. चालत जाणं शक्य नव्हतं, आणि वाट अशी की मध्ये ओढा आणि उघडे खडक, रिक्षावाला तिकडे तोंड करत नसे. म्हणून दाजींनी ही गाडी घेतली. संध्याकाळी दोघं जायची, धार काढायची, अंधार पडता पडता दुधाचे कॅन घेऊन परत यायची. अक्काचा सगळा दिवस त्या एका फेरीसाठी असायचा.

मग एकदा परतताना समोर नीलगाय आली. दाजींना ती दिसली तेव्हा अगदी अंगावर होती. त्यांनी हँडल वळवलं, गाडी बांधावर चढली, एक कॅन सांडला. कुणाला लागलं नाही. पण दाजींनी त्याच दिवशी हुकूम काढला, की दिवे नीट होईपर्यंत ही शेतावर येणार नाही.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी व्होल्टेज मोजलं. बॅटरीपाशी जेवढं होतं तेवढं बल्बपाशी पोचत नव्हतं. बारीक वायर आणि लांबचा रस्ता असला की वाटेत वीज गळते, बल्ब मिणमिणतो. मी जाड वायर टाकली आणि मध्ये रिले बसवला. रिले म्हणजे एक छोटा मुकादम. हँडलवरचं बटण फक्त त्याला निरोप देतं, आणि तो बॅटरीतून थेट बल्बला वीज सोडतो. दिवे लख्ख झाले. आठवड्याच्या आत गाडी परत. "रस्ता दिसत नाही."

दुसऱ्यांदा आम्ही दिवेच बदलले. जुन्या दिव्याच्या वाटीत नुसता एलईडी बल्ब खोचणारे पुष्कळ असतात. तसं केलं की उजेड फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मी पुढे भिंग असलेले, उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी ठेवणारे दिवे आणले. सक्सेनाजींना त्यावर हँडलच्या रुंदीची पट्टीसारखी लाइट लावायची होती. "सूबेदार साहब की गाड़ी है, लगना चाहिए." मी नको म्हटलं. या गाडीचं इंजिन बेताचीच वीज बनवतं, उगाच बॅटरी बसली असती.

आणि दोन्ही वेळा मी दिव्यांची पातळी लावून दिली होती. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर आमची एक रेघ आहे. गाडी सपाट जागी, भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीहून जराशी खाली पडली पाहिजे. तशी ती पडत होती.

आणि आता तिसरी वेळ.

"दिसत नाही म्हणजे कमी दिसतं?" मी विचारलं.

"कमी नाही. उजेड भक्कम आहे. पण रस्ता दिसत नाही. आणि परवा समोरून ट्रॅक्टर आला, त्याने थांबवून शिव्या दिल्या."

"तेव्हा अक्का मागे होती?"

"होती. तिला ट्रायलला नेलं होतं. शिव्या ऐकून हसत बसली." दाजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "पाहुणे, खरं सांगतो. ओरछ्याचा एक रिसॉर्टवाला मागे लागलाय गाडीच्या. या वेळी झालं नाही तर देऊन टाकतो. म्हातारपणी बायकोचं हाड मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मी शटर ओढलं. दिवे लावले. उजेडाची कड रेघेवर अशी बसली होती, की पट्टी लावून आखावी.

"देख लीजिए," सक्सेनाजी म्हणाले. "एक सूत का फ़र्क़ नहीं."

दाजी भिंतीकडे बघत राहिले. इन्स्पेक्शनमध्ये पास झालेल्या पण लढाईत चालत नसलेल्या वस्तूकडे बघावं तसे.

दुपारी मी अक्काला फोन केला.

"तुझे दिवे फार छान आहेत रे शरद," ती म्हणाली. "कडुनिंबाचे शेंडे काय सुंदर दिसतात. मला तर घुबडाचं घरटंसुद्धा सापडलं."

"थट्टा पुरे अक्का."

"थट्टा नाही. आणि एक सांग, हे गाडी विकणार आहेत का? घरात बसून मी काय करू? टीव्हीवर सासवा बघू?"

फोन ठेवला. चहा प्यायलो. मग लक्षात आलं की तिने थट्टा केलीच नव्हती. कडुनिंबाचे शेंडे दिसतात म्हणजे उजेड वर जातोय. मग माझ्या भिंतीवर तो खाली कसा पडतो?

मी बाहेर गेलो. दाजी गाडीवर कापड फिरवत होते.

"दाजी, ही गाडी मला रोज असते तशी बघायचीय. शेतावरून येते तशी."

"म्हणजे?"

"म्हणजे न धुता. सामानासकट."

दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. सगळी नोकरी त्यांनी वर्कशॉपला गाडी पाठवताना आधी ती रिकामी करायची, मग धुवायची आणि मगच गेटमधून आत घालायची, या शिस्तीत काढलेली. चिखलाची, सामान लादलेली गाडी वर्कशॉपमध्ये नेणं म्हणजे त्यांच्या लेखी दाढी न करता परेडला जाणं.

"तसली गाडी मी आणणार नाही," ते म्हणाले.

"मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बबीन्याला गेलो. अक्काला शेतावर नेण्याबद्दल दाजींशी थोडा वाद झाला, तो तिने गाडीवर बसूनच संपवला. मी मागून चालत गेलो. धार होईपर्यंत उन्हं उतरली. पंपाच्या खोलीची भिंत चुन्याची, पांढरी. गाडी मी तिच्यासमोर उभी केली.

"दाजी, तुम्ही एकटे बसा. दिवे लावा."

उजेड भिंतीवर पडला. वर्कशॉपमध्ये पडायचा तसाच, बरोबर.

"आता कॅन ठेवा."

दुधाचे कॅन कॅरियरवर चढले. शेजारी पेंडीचं रिकामं पोतं, गवताचा भारा. उजेडाची कड हळूच भिंतीवर वर सरकली.

"अक्का, आता तू बस."

अक्का बसली. गाडीचे मागचे स्प्रिंग दबले, नाक वर झालं. उजेड भिंत सोडून छपरावरून पलीकडच्या कडुनिंबात गेला. दोन पोपट ओरडत उडाले.

दाजी माझ्याकडे बघत होते. मी रिपोर्ट द्यायचा होता. पण नवऱ्यासमोर मोठ्या बहिणीच्या वजनाचा रिपोर्ट कसा द्यायचा, हे डिप्लोम्यात शिकवलेलं नव्हतं.

"त्याचं असं आहे," मी म्हणालो, "मागच्या बाजूला जेव्हा भार येतो, म्हणजे दूध, गवत, एकूण सगळंच..."

"मी बसले की उजेड झाडावर जातो," अक्का म्हणाली. "एवढंच ना? मग सांग की तोंडाने." आणि ती उतरली. उजेड खाली आला. ती बसली, उजेड वर गेला. गुडघे दुखत असूनही तिने हे पुन्हा करून बघितलं. "बघा हो, मी एवढी कामाची आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

"तू खाली उतर आधी," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाहुणे, म्हणजे दोष गाडीचा नाही."

"नाही."

"माझाही नाही."

"तसं म्हणवत नाही दाजी. तुम्ही दर वेळी गाडी रिकामी करून, धुऊन आणत होता. मी धुतलेल्या गाडीचे दिवे दुरुस्त करत होतो."

अक्का इतकी हसली की गवताचा भारा पडला.

दाजींचं म्हणणं, दिवे खाली करून टाका, झालं. पण पहाटे ते एकटेच जायचे. तेव्हा उजेड पुढच्या चाकापाशीच पडला असता आणि नीलगाय पुन्हा तशीच भेटली असती. मोटारीत यासाठी स्टिअरिंगजवळ एक छोटं चाक असतं. मागे माणसं बसली की ते फिरवायचं, दिवे खाली वाकतात. या गाडीत तशी सोय नव्हती. ती मी केली. दोन्ही दिवे एका आडव्या नळीवर घेतले, नळी जरा फिरेल अशी ठेवली, आणि तिला केबल जोडून हँडलवर एक लिव्हर बसवला. लिव्हरला दोन खाचा. एक एकट्यासाठी, एक दोघांसाठी.

दुसरी खाच लावायला अक्काला झाशीला यावं लागलं. भर दुपारी शटर ओढून, कॅनमध्ये पाणी भरून, तिला वर्कशॉपमध्ये गाडीवर बसवलं. हातात चहाचा कप दिला.

"दीदी, ज़रा स्थिर बैठिए," सक्सेनाजी भिंतीपाशी उकिडवे बसून म्हणाले. "बीम हिल रही है."

"मैं हिल नहीं रही भैया, हँस रही हूँ."

"तो हँसना रोकिए. सेटिंग हँसने पर नहीं होती."

"उल्टा है. रास्ते भर ये चिढ़ते हैं और मैं हँसती हूँ. हँसने पर ही कीजिए."

उजेडाची कड रेघेवर आली तेव्हा मी स्क्रू आवळला. अक्काने पर्समधून नखांचा लाल रंग काढला आणि लिव्हरजवळ खुणा केल्या. वरच्या खाचेपाशी एक ठिपका, खालच्या खाचेपाशी दोन.

दाजी तिला म्हणाले, "एक ठिपका मी?"

"एक ठिपका तुम्ही आणि दोन ठिपके आपण. चुकू नका."

रिसॉर्टवाल्याला दाजींनी नाही म्हणून कळवलं. अक्का रोज शेतावर जायला लागली. त्यानंतर गाडी माझ्याकडे अधूनमधून यायची ती इंजिनाच्या कामाला, आणि मी बजावल्याप्रमाणे जशी असेल तशी. माती, गवताच्या काड्या, कॅन, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अक्का. सक्सेनाजी तिला बघून आत चहा सांगायचे.

अक्का या थंडीत गेली. झोपेतच. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी टेम्पो आला. गाडी धुतलेली होती. कॅरियर रिकामा होता.

मी गाडीकडे बघितलं. दाजींना ते कळलं.

"तुम्ही सांगितलं होतं ना पाहुणे," ते म्हणाले. "जशी असते तशी आणायची."

मी मान हलवली. काम काय आहे ते विचारलं.

"उजेड पायाशीच पडतो. लिव्हर हलत नाही."

मी लिव्हर धरून बघितला. दोन ठिपक्यांवर घट्ट बसला होता. केबल आत गंजली होती. एकाच जागी राहिलेल्या केबलचं असंच होतं.

"पण पहाटे तुम्ही एकटे जायचात. तेव्हा हा वर करत होतात ना?"

"एकटा कुठला," दाजी म्हणाले. "दिवे झाल्यावर पहाटेही यायला लागली ती. घुबड बघायचं म्हणून."

सक्सेनाजी उठून चहा सांगायला गेले. मी केबल सोडवली, रॉकेलमध्ये बुडवली, नवं तेल घातलं. मग शटर ओढलं आणि दाजींना गाडीवर बसवलं. लिव्हर एका ठिपक्यावर नेला. उजेडाची कड रेघेवर बसली. ती खाच त्या वेळी बरोबर लागली होती. कधी वापरली गेली नव्हती, एवढंच.

नव्या मेकॅनिकांना मी आता दोन गोष्टी सांगतो. दिवे लावताना गाडीवर रोजचा भार ठेवा, धुतलेली रिकामी गाडी खरं सांगत नाही. आणि लिव्हरला दोन खाचा असतील, तर गिऱ्हाइकाला तो अधूनमधून दोन्हींकडे हलवायला सांगा. हे दुसरं दाजींना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.