ऱ्हस्व-दीर्घ माझे, भूगोल त्याचा

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जिचा जन्म गेला, तिला चूक दिसली की गप्प बसवतं थोडंच? मावशीचं तर ते दुखणंच होऊन बसलं होतं. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली असली की आधी दुकानदाराची हजेरी घ्यायची, मग सामान. नवऱ्यानं फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा लाल पेनानं दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत जायची.

"उशीर होईल एवढंच तर कळवलं होतं," तो बिचारा म्हणायचा.

"'उशीर'मधली वेलांटी आधी बघ, मग उशीर कर."

अक्षर मात्र असं देखणं, की वाचणारा मजकूर विसरून अक्षरच बघत राहायचा. म्हणून ओळखीपाळखीचे सगळे तिला अक्षरमावशी म्हणत. निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून तिनं विद्यापीठात लेखनिक म्हणून नाव दिलं. अंध विद्यार्थी उत्तरं सांगणार, लेखनिकानं ती उतरवून घ्यायची. तो बोलेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याची हसून हसून पुरेवाट झाली.

"तू? आणि समोर दिसणारी चूक तशीच ठेवणार?"

"ठेवीन," मावशी म्हणाली खरी, पण तिचं तिलाच अवघड वाटत होतं.

तिच्या वाट्याला आला भूगोलाचा एक मुलगा. जन्मापासून दिसत नव्हतं, पण जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"मावशी, तुम्ही भूगोलाचीही पुस्तकं तपासलीयत म्हणे?"

"पुष्कळ."

"मग पेपरपुरतं तुम्हाला काही येत नाही असं समजा."

"आणि तुला?"

"मला येतं ना. म्हणून तर परीक्षेला बसतोय."

मावशीला पोरगं तिथेच आवडलं.

परीक्षेला दोघांना वेगळी खोली मिळाली. पर्यवेक्षक दाराशी खुर्ची टाकून बसले आणि थोड्याच वेळात पेंगायला लागले. शेवटचा प्रश्न देशातल्या एका मोठ्या नदीच्या नकाशाचा होता. अंध विद्यार्थ्यांना त्याऐवजी वर्णन लिहायची सवलत होती. मुलानं ती साफ उडवून लावली.

"बाकीचे नकाशा काढणार आणि मी काय निबंध लिहू? पान आडवं धरा. उजव्या कडेपासून तीन बोटं आत डोंगर. तिथून नदी निघाली. आता डावीकडे या, सावकाश. इथे तिला जरा पोट सुटू द्या."

तो बोलत गेला, मावशीची पेन्सिल त्याच्या आवाजामागून चालत राहिली आणि कागदावर खरोखर ती नदी उमटायला लागली. पुस्तकात शंभरदा पाहिलेली, अगदी तशीच. न पाहिलेली नदी हा मुलगा वळणावळणासकट सांगत होता.

"थांबा. समुद्राच्या दोन बोटं अलीकडे एक तळं काढा. वाटाण्याएवढं, गोल. नदी त्यातून जाते."

पेन्सिल जागीच अडली. त्या नदीवर तळंबिळं काही नव्हतं. मावशीनं ते पुस्तक दोन आवृत्त्यांत तपासलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. परत सांग."

"तळं," तो ठामपणे म्हणाला.

नुसतं खाकरलं असतं तरी त्याला कळलं असतं, इतका तो हुशार होता. मावशीच्या हाताला नुसती कंड सुटली होती. पण तिनं ओठ घट्ट मिटले, गोल तळं काढलं आणि त्याखाली सुरेख अक्षरात 'तळं' असं लिहिलं. घरी आली ती पर्स फेकून सोफ्यावर बसली. "आज या हातांनी चूक घालून आले," ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं थट्टा केली नाही, मुकाट्यानं चहा ठेवला.

आणि काही दिवसांनी तिलाच विभागातून बोलावणं आलं. पेपर तपासणाऱ्यानं शेरा मारला होता की अंध विद्यार्थ्यानं असा नकाशा सांगणं शक्य वाटत नाही, तो लेखनिकानंच काढलेला असावा. ते खरं ठरलं तर मुलाचा पेपर रद्द, वर्ष वाया, आणि कपाळावर कॉपीचा शिक्का कायमचा. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. जी एक गोष्ट टाळण्यासाठी तिनं आपला स्वभाव गिळला होता, नेमका तिचाच आळ तिच्यावर.

विभागप्रमुख बाईंच्या खोलीत मुलगा आधीच येऊन बसला होता. सोबत त्याची ताई. बाई शांत होत्या, पण आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या.

"शुद्धलेखनाची एक चूक नाही. नकाशा इतका नेटका. खरं सांगा, मदत केलीत?"

"ऱ्हस्व-दीर्घ माझे," मावशी म्हणाली. "बोलण्यात ते ऐकू येत नाहीत, म्हणून माझे. भूगोल सगळा त्याचा. मी सांगितलं असतं, तर ते तळं तिथे राहिलं असतं का? त्या तळ्यानं माझा घास गोड लागू दिलेला नाही बाई."

मुलगा दचकला. "तळ्याचं काय?"

"तिथे तळं नाही रे."

"नाही कसं? रोज हाताला लागतं!"

ताईचा चेहरा एकदम उतरला. तिनं पिशवीतून एक पुठ्ठा काढला. भावाला अभ्यासाला म्हणून तिनं तो केला होता. शहरांच्या जागी बटणं आणि नदीच्या जागी डिंकानं चिकटवलेला जाड दोरा. बाईंनी पुठ्ठा पुढे ओढला, डोळे मिटले आणि डोंगरापासून दोऱ्यावर बोट फिरवत नेलं. समुद्राच्या जरा अलीकडे बोट थांबलं. तिथे गाठ होती.

"दोरा संपला होता रे," ताई पुटपुटली. "दुसरा जोडला."

"आणि मी दोन वर्षं त्या गाठीत पोहतोय," मुलगा म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. हे तळं साऱ्या जगात या एकट्यालाच ठाऊक होतं, हे त्यांनी मान्य केलं, आणि शेऱ्याखाली 'आरोप निराधार' असं लिहून सही केली. मग त्या गंभीर झाल्या. "पण तळ्याचा एक गुण कापावा लागेल."

"कापायलाच हवा," मावशी म्हणाली, आणि लगेच तिला मुलाचं वाईट वाटलं.

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे बाकीचे सगळे माझे?"

"सगळे तुझे."

"शाळेपासून माझा गुण कुणी कापला नव्हता बाई," तो म्हणाला. "काहीही सांगितलं तरी पुरे गुण. बिचारा म्हणून. आज पहिल्यांदा कापला."

हे सांगताना त्याची मान अशी ताठ झाली होती, की मावशीला भरून आलं. सगळ्यांसमोर तिनं डोळे पुसले, आणि पुढच्या परीक्षेची तारीख काय म्हणून बाईंना विचारलं.