पांढऱ्या सदऱ्याची बाही

क्रांती चौकाजवळचा गादीवाला कापूस पिंजायला लागला, की त्या कोरड्या, नाकात शिरणाऱ्या वासाबरोबर मला मामाचं सोयगावचं घर दिसतं. दुष्काळाचं साल होतं, पाणी टँकरचं, तरी मामीनं त्या दिवशी मामाचा पांढरा सदरा धुतला होता, कारण बियाणं कंपनीचा माणूस फोटो काढायला येणार होता. भाव वाढायची वाट बघत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला होता. त्यात नुसतं बसलं तरी अंग खाजायचं. आमच्या बियाण्याला बोंडअळी लागतच नाही, असं तो माणूस गावभर सांगत फिरला होता. त्यानं मामाला ढिगापुढं उभं केलं आणि ओंजळीत कापूस दिला. तेवढ्यात त्या कापसातून एक गुलाबी अळी निघाली आणि मामाच्या बाहीवर चढली. "साहेब, हे काय हाय?" मामानं विचारलं. त्या माणसानं ती नखानं अलगद उडवली. "बाहेरून आली असेल, काका. तुम्ही हसा जरा." मामा हसला. पुढच्या पेरणीला तो फोटो बियाण्याच्या दुकानांत लागला. "तुमचा फोटो हाय म्हणल्यावर काय इचारायचं?" म्हणत लोकांनी पिशव्या नेल्या, आणि दिवाळीनंतर गावात ज्याचं बोंड फोडावं त्यात अळी निघाली. मामाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तो मात्र परत कधी त्या दुकानांसमोरून गेला नाही. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. त्यात अळी कुठंच नाही. मामा हसतोय, पण बघतोय स्वतःच्या बाहीकडं.