एक ठोकळा वाचवणारे भाऊ

अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर हवा धरून ते ती समोरच्याच्या नाकापुढे नाचवायचे आणि म्हणायचे, "ताई, एवढं वाचतं ना जी!" काय वाचतं, कुणाचं वाचतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंत की सकाळ गेली म्हणून समजा.

तुमच्याही सोसायटीत असा एक जण असणारच. आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत हे भाऊ होते. मूळचे नागपूरचे, सरकारी खात्यात इंजिनिअर, आणि जागा वाचवण्याचं भयंकर वेड. लिफ्टमध्ये कोणी कसं उभं राहायचं हेही तेच सांगणार. एकदा बुद्धपौर्णिमेची खीर वाटून झाल्यावर क्लबहाउसमधल्या खुर्च्या त्यांनी एकीत एक अशा काही ठासून बसवल्या की पुढच्या कार्यक्रमाला त्या निघेनात. सगळे सतरंजीवर बसले, पाटीलकाकू गुडघे धरून. हे मात्र हसतमुखानं म्हणतात, "पण कोपरा पाहा, किती मोकळा झाला!" आता अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं?

इथवर ठीक होतं. मग ते पोरांच्या खेळात शिरले.

आमच्या इथल्या मराठी पोरांना ठोकळ्यांच्या एका खेळाचं वेड आहे. कंप्यूटरवर ठोकळे रचून सगळ्यांनी मिळून एक जग उभारायचं. ते जग आमच्या जुन्या कंप्यूटरवर चालायचं, त्यामुळे रविवारी सगळी वरात लॅपटॉप घेऊन माझ्या हॉलमध्ये. त्यांची पुढारी भाऊंचीच मुलगी श्रावस्ती, बारावीतली. तिनं ठरवलं, यंदा भीमजयंतीला क्लबहाउसच्या पडद्यावर दीक्षाभूमीचा स्तूप दाखवायचा, पोरांनी स्वतः बांधलेला, आणि सगळ्या मोठ्यांसमोर त्याची माहिती मराठीतून सांगायची. दिल्लीकडे वाढलेली पोर, 'घुमट' हा शब्दसुद्धा तिला मी शिकवला. पण जिद्द बघा, भाषण पाठ करत ती माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. कॉलेजसाठी घर सोडायच्या आधी एवढं तिला करायचंच होतं.

स्तूपाला पांढरा गुळगुळीत दगड हवा, आणि त्या खेळात तो भट्टीत भाजावा लागतो. पोरांनी ऐसपैस भट्टीखाना बांधला. ज्याची त्याची भट्टी. दगड घालायचा आणि भाजून होईपर्यंत समोर उभं राहून गप्पा छाटायच्या. "यार, तुझा झाला का? माझा तर अभी बाकी आहे." असली ती मराठी. पण काम जोरात चाललं होतं.

एका रविवारी भाऊ मुलीला न्यायला आले, चष्मा वर करून पडद्यात डोकावले आणि कळवळले. "अरे बाप्पा! भट्ट्यांना एवढी जागा? काहून?"

झालं. पुढच्या रविवारी स्वतःचा लॅपटॉप घेऊन हजर. त्या खेळात रेडस्टोन नावाची लाल भुकटी असते, ती पसरली की तिच्यातून विजेसारखा प्रवाह जातो. त्या भुकटीच्या जोरावर, आणि इंटरनेटवरून कुठून तरी उतरवून खेळात घातलेल्या जादा नळ्यांच्या, त्यांनी पोरांचा भट्टीखाना पाडून आपोआप चालणारी भट्टी बांधली. मग ती मोठी वाटली म्हणून पाडली. आणखी लहान बांधली. तीही पाडली. दगड भाजणं बंद, भट्टी आकसणं चालू. जयंती तोंडावर आलेली, स्तूप अर्धवट, आणि हे गृहस्थ "अजून एक ठोकळा वाचतो" म्हणून खूश! खरं सांगते, माझा हात लाटण्याकडे जायचा.

"पप्पा, इथे उभं कुठे राहायचं?" श्रावस्तीनं विचारलं.

"उभं राहायची गरजच नाही ना बेटा. सगळं ऑटोमॅटिक."

"मग आम्ही काय करायचं?"

भाऊंनी ते ऐकलंच नाही. ते नळी वाकवत होते.

शेवटी भट्टी कपाटाएवढी झाली. भाजलेला दगड खालच्या पेटीत पडणार होता. हात लावायचा नाही अशी पोरांना तंबी देऊन भाऊ कामासाठी पानिपतला गेले. पोरं दगड काढायला गेली तर पेटी उघडेना! त्या खेळात पेटीचं झाकण उघडायला तिच्या डोक्यावर एका ठोकळ्याएवढी जागा मोकळी लागते. माझ्या धाकटीलाही हे माहीत आहे. या इंजिनिअरनं नेमका तोच ठोकळा वाचवला होता. पेटी भरली, वरची भट्टी ठप्प.

"काकांना फोन करू या," कोणीतरी म्हणालं.

"नाही," श्रावस्ती म्हणाली. "पप्पांना कुणीच काही सांगायचं नाही. किती खूश आहेत ते."

मग पोरांनी डोंगरामागे, भाऊंना दिसणार नाहीत अशा साध्या भट्ट्या मांडल्या. शाळा सुटली की माझ्या हॉलमध्ये, हातानं दगड घाला, हातानं काढा. मी पोह्यांवर पोहे करत होते. स्तूप पुरा झाला.

जयंतीला पडद्यावर तो पांढराशुभ्र घुमट आला आणि श्रावस्ती एकदाही न अडखळता बोलली. मला भरून आलं. टाळ्या थांबतात न थांबतात तोच भाऊ उठले, कोणी न बोलावता माईक घेतला आणि दोन बोटं नाचवत म्हणाले, "ही सगळी आमच्या छोट्या भट्टीची कमाल!" अस्सा संताप आला! श्रावस्तीनंच पहिली टाळी वाजवली.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली आणि भाऊंची नागपूरला बदली झाली. ते सामान बांधत होते तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. "भाऊ, ती पेटी कधी उघडून बघितलीत का हो?"

"बघितली ना जी," खोक्याला टेप लावत ते म्हणाले. "पानिपतहून आलो तेव्हाच. उघडतच नाही ती. मग डोंगरामागच्या भट्ट्याही दिसल्या."

"अहो, मग माईकवर ते काय बरळलात?"

"पोरीनं एवढं लपवलं माझ्यासाठी. मी गप्प बसलो असतो, तर तिला समजलं असतं ना, मला समजलं म्हणून."

मी तिथून निघाले. आणखी थांबले असते तर त्या खोक्यांवरच बसून रडले असते.

परवा श्रावस्तीचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "काकू, पप्पांना ते भट्टीचं अजून कळलं नाही ना?"

"छे गं," मी म्हणाले, "त्या माणसाला कधी काय कळलंय!"